गोळी आधी की चहा आधी?

सकाळी ८

शटर वर गेलं की आधी फ्रीज बघायचा. थर्मामीटरचा काटा दोन ते आठ अंशांमध्ये आहे ना, हे पाहून वहीत आकडा लिहायचा, मग उदबत्ती, मग काउंटर पुसणं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. जत, अथणी, विजापूरकडची माणसं सकाळच्या गाडीनं उतरतात आणि डॉक्टर यायच्या आधी मेडिकलच्या पायरीवर येऊन बसतात.

पहिली गिऱ्हाइकं मात्र गल्लीतलीच. फिरायला गेलेल्या बायका परतीच्या वाटेवर थांबतात. "ताई, थायरॉईडची बाटली संपली बघा." या बायकांना त्या गोळीचे नियम तोंडपाठ असतात: उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यानं, आणि पुढं अर्धा-पाऊण तास चहाचं नाव नाही. पण त्याच बाईला विचारावं, "आणि काकू, कोलेस्टेरॉलची कधी घेता?" तर उत्तर येतं, "ती होय, ती बाकीच्यांबरोबर. मूठभर असतात, चहाबरोबर टाकते एकदम."

कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पोट बिघडतं, अन्नातलं सत्त्व अंगी लागत नाही, अशा तक्रारी मी दिवसभर ऐकते. त्यातल्या थोड्या खरोखर त्या गोळीच्या असतात. बऱ्याचशा तिच्या शेजारच्या गोळीच्या असतात. आणि उरलेल्या घड्याळाच्या.

सकाळी ९.३०

एसटीतून निवृत्त झालेले एक अण्णा आले. पिशवी काउंटरवर आपटली. "ताई, ह्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पोट पार बिघडवलंय. सकाळपासून तीनदा जाऊन आलोय. बंद करतो आता."

"करा की. पण आधी पिशवी बघू द्या."

पिशवीत कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे. कुठल्यातरी दुकानात दहातल्या चार गोळ्या देताना नावाची बाजू कापून टाकलेली, मागच्या चंदेरी कागदावर औषधाची अर्धीच अक्षरं उरलेली. एक्स्पायरीची तारीख तर दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेली. अक्षरं जुळवत बसले. कोलेस्टेरॉलची ॲटोरवास्टॅटिन दहाची, तीन वर्षांपासून तीच. बीपीची, तीही जुनीच. मेटफॉर्मिन मात्र गेल्या महिन्यात पाचशेची हजाराची झालेली.

"ही शुगरची कधी घेता?"

"पहाटे. चहाच्या आधी."

जुलाब, पोटात गुडगुड, मळमळ हा मेटफॉर्मिनचा नेहमीचा त्रास. सुरू करताना किंवा डोस वाढवताना तो हमखास वर येतो, आणि रिकाम्या पोटी घेतली की जास्तच. ती जेवणाबरोबर घ्यायची असते. सावकाश विरघळणारा प्रकारही मिळतो, पण तो द्यायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. तीन वर्षं निमूट पोटात गेलेली गोळी अचानक या महिन्यात कशी बिघडेल, एवढंच मी अण्णांना विचारलं. कागदावर दोन ओळी लिहून त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं.

स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी पोटाला काहीच होत नाही असं नाही. गॅस, बद्धकोष्ठ, मळमळ, कधी पातळ शौचाला होणं हे कागदावर छापलेलं असतं आणि काहींना होतंही. बहुतेकांचं सौम्य असतं, काही आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. पण एक अभ्यास मला गिऱ्हाइकांशी बोलताना नेहमी आठवतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी स्टॅटिनचा त्रास झाला म्हणून ती सोडून दिलेली ६० माणसं घेतली. त्यांना वर्षभर आलटूनपालटून कुठल्या महिन्यात खरी गोळी, कुठल्या महिन्यात औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी आणि कुठल्या महिन्यात काहीच नाही, असं दिलं. २०२० साली निकाल छापून आला. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता. माणसं खोटं बोलत होती असा याचा अर्थ नाही. त्रास खराच होता, फक्त त्याचं कारण बहुतांशी गोळीतलं औषध नव्हतं. एकदा झटका येऊन गेलेल्यानं किंवा स्टेंट बसवलेल्यानं ही गोळी स्वतःच्या मनानं सोडण्याआधी हे ठाऊक असावं.

सकाळी ११

ओपीडी सुटली. काउंटरवर तीन रांगा, त्यात एक कानडी, एक मराठी आणि एक नुसती हातवाऱ्यांची. चिठ्ठ्यांवर ०-०-१, म्हणजे फक्त रात्री एक, असं दिसलं की बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलची गोळी असते.

"रात्रीच का हो?" एका शिक्षिका बाईंनी विचारलं. "रात्री मी विसरते. नऊला झोपते."

कारण जुनं आहे. यकृत कोलेस्टेरॉल बनवण्याचं काम रात्री जास्त करतं, आणि स्टॅटिन नेमकं तेच काम मंदावतं. लोव्हास्टॅटिन, सिमवास्टॅटिन ही आधीची औषधं शरीरातून काही तासांत निघून जातात, म्हणून ती संध्याकाळी किंवा रात्री द्यायची रीत पडली. ॲटोरवास्टॅटिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे १४ तास लागतात आणि रोझुवास्टॅटिनला सुमारे १९. ही दोन्ही दिवसात कधीही घेतली तरी चालतात, फक्त रोज एकाच वेळी. डॉक्टरांच्या हातांना मात्र ०-०-१ लिहायची सवय राहिली आहे. बाईंना म्हटलं, "पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, सकाळी घेतली तर चालेल का. विसरलेल्या रात्रीच्या गोळीपेक्षा आठवणीची सकाळची बरी."

दुपारी १२.४५

गर्दी ओसरता ओसरता एक वहिनी आल्या. रोझुवास्टॅटिनची स्ट्रिप आणि पातळ अँटासिडची मोठी बाटली. "ह्यांचं रोजचंच. रात्री रस्सा चापायचा, मग जळजळतंय म्हणायचं, मग दोन टोपणं हे औषध, आणि त्यावरच कोलेस्टेरॉलची गोळी. झोपले."

बाटली फिरवून मागचं लेबल त्यांना दाखवलं: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. या दोन्हींबरोबर रोझुवास्टॅटिन पोटात गेलं तर रक्तात पोचणारं औषध साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे वीसची गोळी विकत घ्यायची आणि पदरात दहाची पडायची. पुढच्या तपासणीत आकडा उतरलेला नसला की डॉक्टर डोस वाढवणार, कारण रात्रीच्या दोन टोपणांबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. उपाय फुकटचा आहे: गोळी आधी, अँटासिड तिच्यानंतर किमान दोन तासांनी.

पाकिटावर पेनानं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, "गोळी ८ वाजता. पातळ औषध १० नंतर." वहिनींनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "रस्सा कधी, ते नाही लिहिलंत?"

दुपारी २

ही डब्याची वेळ. पण डबा उघडला की फोन वाजायचाच. अथणीकडच्या एक सूनबाई. मामंजींना पित्तनलिकेचा जुना आजार, अंगभर खाज सुटते, डॉक्टरांनी कोलेस्टिरामाइनची पावडर दिली आहे. ती आमच्याकडं पडून नसते, होलसेलरकडून मागवावी लागते. काल मागवली होती, आज आली. त्या घ्यायला आल्या तेव्हा डबा बाजूला सारला, कारण हे औषध नुसतं हातात देऊन भागत नाही.

आमच्या भागात ही पावडर आता बहुतेक खाजेसाठीच येते, पण मुळात ती कोलेस्टेरॉलची. १९८४ साली अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. कोलेस्टेरॉल औषधानं उतरवलं तर हृदयविकाराचे झटके खरोखर कमी होतात, याचा ठाम पुरावा त्या चाचणीनं दिला. औषध होतं हेच. पहिली स्टॅटिन गोळी, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत मंजूर झाली ती त्यानंतर तीन वर्षांनी.

ही पावडर रक्तात जातच नाही. तिचं सगळं काम आतड्यात. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. खरकट्या ताटावरचं तूप साबणानं सुटावं तशी ती जेवणातली चरबी फोडतात, म्हणजे ती पचते. काम झालं की त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जाऊन यकृताकडं येतात आणि पुन्हा वापरली जातात. पावडर त्यांना आतड्यातच धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. मग यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. कोलेस्टेरॉल उतरतं ते असं.

पचनाचा आणि शोषणाचा खरा प्रश्न या औषधात आहे. पित्ताम्लं कमी पडली की चरबी नीट पचत नाही, आणि चरबीच्या आधारानं शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही कमी शोषली जातात. बरेच महिने मोठ्या डोसात घेतलं तर फॉलिक ॲसिडही घटू शकतं. के कमी पडलं की रक्त गोठायला वेळ लागतो, हिरड्यांतून रक्त येतं, जरा लागलं तरी काळानिळा डाग उठतो. बद्धकोष्ठ आणि पोट फुगणं तर ठरलेलंच. वर पावडर निवड करत नाही. पित्ताम्लांबरोबर थायरॉईडची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, हृदयाची डिगॉक्सिन, वाटेत जे सापडेल त्याला धरते. म्हणून बाकीची औषधं पावडरच्या एक तास आधी, नाहीतर चार ते सहा तास नंतर. थायरॉईडच्या गोळीला तर दोन्हीकडून चार तास.

काउंटरवरच्या ग्लासात पाणी घेऊन एक पुडी टाकून दाखवली. पिवळट, खरबरीत कण, विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. ढवळायचं, थोडं थांबायचं, पुन्हा ढवळायचं आणि ते खाली बसायच्या आत प्यायचं. तळाला राहिलेलं आणखी थोड्या पाण्यात हलवून तेही. कोरडी तोंडात टाकायची नाही, घशात अडकते. मग चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मामंजींचा दिवस आखला:

पहाटे ६ – थायरॉईडची गोळी, नुसतं पाणी.
सकाळी ८ – नाश्ता, बीपीची गोळी.
सकाळी ११ – पावडर, मोठा ग्लास पाणी.
रविवारी रात्री, जेवणानंतर – ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल.

"पण ताई, आतापर्यंत सगळं सकाळी आठलाच देत होते," सूनबाई म्हणाल्या. मागच्या गावच्या दुकानातून महिनाभराची पावडर आणली होती, तिथं कुणी हे सांगितलं नव्हतं. म्हणजे महिनाभर थायरॉईडची गोळी पोटात जाऊनही पुरती अंगाला लागली नसणार. टीएसएच तपासून घ्यायची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला, असं त्याच कागदावर खाली लिहिलं. डबा गारच खाल्ला.

दुपारी ४

होलसेलरचा पोऱ्या खोकी टाकून गेला. शॉर्टेज वहीवर टिका मारत माल लावायचा. हल्ली दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या फार: रोझुवास्टॅटिन आणि एझेटिमाइब, रोझुवास्टॅटिन आणि फेनोफायब्रेट.

बी. फार्म. करणारी आमची पोरगी दुपारी दुकानात शिकायला असते. तिनं विचारलं, "एझेटिमाइबपण आतड्यातच काम करतं ना? मग त्यानंही जीवनसत्त्वं जात असतील."

प्रश्न बरोबर होता, उत्तर नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर एनपीसी१एल१ नावाचं एक प्रथिन असतं. कोलेस्टेरॉल आतड्यातून आत घ्यायचं काम त्याचं. एझेटिमाइब त्यालाच अडवतं, आणि कोलेस्टेरॉलचं शोषण जवळपास निम्म्यावर येतं. चरबीचं पचन तसंच राहतं, पित्ताम्लांची ये-जा तशीच चालू राहते, आणि अ, ड, ई जीवनसत्त्वांच्या शोषणावर परिणाम दिसत नाही. एकटं दिलं तर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे १८ टक्क्यांनी उतरतं. काहींना पोटात दुखतं, काहींना जुलाब होतात, पण शोषणाचं खातं एवढंच. आणि इथं अडतं ते फक्त ताटातलं कोलेस्टेरॉल नव्हे. यकृतातून पित्तरसाबरोबर आतड्यात उतरणारं असतंच, त्यामुळं जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही ही गोळी लागू पडते.

फेनोफायब्रेटच्या दोन स्ट्रिपा तिच्या हातात दिल्या, एक १६० ची, एक १४५ ची. औषध एकच. पण १६० ची गोळी जेवणाबरोबर घेतली तरच नीट शोषली जाते, आणि १४५ ची अतिसूक्ष्म कणांची असल्यानं तिला जेवणाची अट नाही. "म्हणून नुसतं नाव वाचायचं नाही," तिला म्हटलं, "आकडाही वाचायचा."

संध्याकाळी ५.३०

निवृत्त मुख्याध्यापक. हातात दोन कागद, एक रक्ताचा रिपोर्ट आणि एक मोबाइलवरून उतरवून घेतलेला मजकूर. पाय मुंग्यांनी भरतात, बी १२ खाली आलं आहे. "मॅडम, कोलेस्टेरॉलची गोळी जीवनसत्त्वं खाते, असं यात लिहिलंय."

त्यांची फाइल उलगडली. शाकाहारी. दहा वर्षं मेटफॉर्मिन. आणि पॅन्टोप्राझोल. ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं, एकदा ॲसिडिटीला दिलेलं तसंच रोज सकाळी सुरू राहिलेलं. बी १२ मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यांतून येतं. अन्नातल्या प्रथिनापासून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पॅन्टोप्राझोल तेच आम्ल कमी करतं. वर्षानुवर्षांचं मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या टोकाशी त्याचं शोषण घटवतं. मुंग्यांना तिन्ही बाजूंनी वाट मोकळी. स्टॅटिन बी १२ च्या आड येत नाही, पण फाइलमध्ये सगळ्यात बदनाम नाव तिचं, म्हणून आळ तिच्यावर.

मग त्यांनी तिसरी वस्तू काढली, को-एन्झाइम क्यू-टेनच्या महागड्या कॅप्सूल. "हे तरी घेऊ का?" स्टॅटिन ज्या टप्प्यावर कोलेस्टेरॉल बनणं मंदावतं, त्याच मार्गावर पुढं हे द्रव्यही बनतं, म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण उतरतं हे खरं. पण वरून कॅप्सूल घेतल्यानं स्नायूंचं दुखणं थांबतं का, याबद्दल अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. विकणारी मीच आहे, तरी म्हटलं, "सर, आधी बी १२ चं बघा. हे पैसे तूर्त राहू देत."

संध्याकाळी ७.१५

दवाखाने पुन्हा भरतात ती वेळ. एका तरुणानं त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. नायट्यावर इट्राकोनॅझोल, चार आठवडे. औषध वडिलांसाठी. विचारलं तर वडील ॲटोरवास्टॅटिन चाळीसची घेतात.

हात थांबला. गिळलेल्या ॲटोरवास्टॅटिनपैकी जेमतेम १४ टक्के रक्तात पोचतं. बाकीचं आतड्याच्या भिंतीतली आणि यकृतातली विकरं वाटेतच मोडून टाकतात, आणि डोस त्या हिशेबानंच ठरलेला असतो. इट्राकोनॅझोल नेमकी ती विकरं बंद पाडतं. मग तीच गोळी रक्तात कितीतरी जास्त पोचते, स्नायू दुखू लागतात, आणि क्वचित ते झिजून लघवी गडद तपकिरी होते, किडनीवर येतं. पोटाच्या जंतूंसाठी देतात त्या किटमधलं क्लॅरिथ्रोमायसिनही हेच करतं. सिमवास्टॅटिनबरोबर तर ही दोन्ही देतच नाहीत. ग्रेपफ्रूटचा रस आतड्याच्या भिंतीत असाच खेळ करतो. आपल्याकडं ग्रेपफ्रूट फारसं नाही, पण कोकणातलं पपनस त्याचं जवळचं नातेवाईक, तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यानं रोज ग्लासभर पपनसाचा रस काढू नये.

त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल कुणी बोललंच नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून कळवतो म्हणाले. मुलाला औषध न देता उद्या यायला सांगितलं. तो थोडा नाराज झाला, रांगेतले दोघंतिघं त्याच्याहून जास्त.

रात्री ९

शेवटची गिऱ्हाइकं इसबगोल, जेलुसिल आणि कंडोमची. एक आजोबा इसबगोलचा डबा घेतात आणि रात्रीच्या सगळ्या गोळ्या त्याच ग्लासाबरोबर गिळतात. इसबगोल चांगलंच आहे. पित्ताम्लांना थोडंफार तेही धरतं, नेमानं घेतलं तर एलडीएल पाच-दहा टक्के उतरवतं. पण त्याच्या बुळबुळीत लगद्यात गोळी अडकली तर तिचंही शोषण घटतं. गोळ्या आधी, इसबगोल दोन तासांनी, भरपूर पाण्याबरोबर.

चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, आकडा असतो, ०-०-१ असतं. दोन औषधांमध्ये किती तास सोडायचे, हे तिथं क्वचितच दिसतं. कुणी हृदयाचा, कुणी शुगरचा, कुणी त्वचेचा, प्रत्येक डॉक्टर आपापली गोळी लिहितो. सगळ्या एकत्र येतात त्या फक्त पेशंटच्या पोटात, आणि त्याच्या आधी आमच्या काउंटरवर. म्हणून दवाखान्यात जाताना आणि मेडिकलमध्ये येतानाही घरातली सगळी पिशवी आणा: न कापलेल्या स्ट्रिपा, पातळ बाटल्या, चूर्णं, मोबाइलवर बघून मागवलेल्या कॅप्सूलसुद्धा. पोटाची तक्रार असेल तर गोळी बंद करण्याआधी दोनच गोष्टी सांगा: तिच्या आगेमागे तासाभरात आणखी काय घेतलं, आणि गेल्या महिन्यात काय बदललं.

शटर अर्धं खाली आलं तेवढ्यात दुपारच्या वहिनींचे यजमान पायरीवर. हातात माझं लिहिलेलं पाकीट.

"ताई, आठला गोळी घेतली. आता नऊ वाजलेत. रस्सा झालाय आणि जळजळायला लागलंय."

"मग अजून तासभर जळू दे, अण्णा."